सतरा नंबरचा पेपर कुणी वाचलाय?

ब्लॅक बुक कुणी पुढून वाचत नाही, हे प्रत्येक सिनियर ज्युनियरला सांगत आलाय. ते खरंच आहे. माझ्या एम.ई.च्या ओरलला आलेल्या एक्सटर्नल सरांनी ते मागून वाचायला घेतलं!

मी प्रेझेंटेशन पाठ करून गेलो होतो. स्लाईड बदलताना कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. सरांनी पहिल्याच मिनिटाला चष्मा वर केला, पुस्तक उलटं फिरवून शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "हा सतरा नंबर. हा पेपर आहे का तुमच्याकडे?"

"वाचलाय सर. लायब्ररीत."

"कुठल्या लायब्ररीत?"

पुढची पाच-सात सेकंदं एसीचा आवाज फार मोठा वाटला. माझे गाईड खिडकीबाहेर बघायला लागले.

आता हा सतरा नंबर माझ्या थिसिसमध्ये काय करत होता ते सांगतो, कारण तिथेच खरी गोम आहे. मी पेणचा. आमच्या गावात गणपती बनतात हे तुम्हाला सांगायला नको. घरामागे आमचा छोटा कारखाना आहे, आणि लहानपणापासून प्लास्टरचा पांढरा धुरळा खात मोठा झालोय. म्हणून विषयही तोच घेतला : पीओपीच्या मूर्तींसाठी कृत्रिम विसर्जन हौद. पीओपी म्हणजे तापवून पाणी उडवलेलं जिप्सम. पाणी घातलं की ते घट्ट होऊन पुन्हा जिप्समच होतं. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण फारच थोडं. किती थोडं, तो आकडा मी सतरा नंबरच्या पेपरचा म्हणून दिला होता : लिटरला ०.२४ ग्रॅम.

चूक! ०.२४ ग्रॅम हे १०० मिलिलिटरला. लिटरला झाले साधारण २.४ ग्रॅम. कुठेतरी, कुणीतरी उतरवून घेताना "शंभर मिलि" खाल्लं होतं आणि माझा सगळा हिशेब दहापट फुगला होता. तीन किलोची एक मूर्ती पूर्ण विरघळायला १२५० लिटर पाणी पुरायचं तिथे मी १२,५०० लिटर धरले. पाचशे मूर्तींचा हौद काढला तो ६२ लाख ५० हजार लिटरचा. म्हणजे पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद, अडीच मीटर खोल. सर म्हणाले, "एवढी जागा पेणमध्ये दाखवा, मी स्वतः नारळ फोडायला येतो." (प्रत्यक्षात विरघळायला लागणारा वेळ हा आणखी वेगळाच प्रश्न आहे. तो मी घेतलाच नव्हता, त्याबद्दलही बोलणी खाल्ली.)

डिग्री मिळाली, पण करेक्शन करून. सहा आठवडे पुन्हा बसलो. त्यात पहिलं काम केलं ते म्हणजे सतरा नंबरचा शोध. डिपार्टमेंटच्या कपाटातून जुनी ब्लॅक बुकं काढली. माझ्या सिनियरच्या पुस्तकात तो तेवीस नंबर होता. त्याच्या सिनियरकडे नऊ. त्याच्याही आधीच्या एका पुस्तकात अकरा. तिथपर्यंत शब्दन् शब्द सारखा, स्वल्पविरामसुद्धा. शेवटी जर्नल उघडलं तर खंड खरा, पण त्या पानावर भलताच पेपर, सिमेंटच्या पाईपांवरचा. चार बॅचेसनी एक पेपर छातीठोकपणे दिला होता आणि चौघांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. मी चौथा.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच. नाही हो. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी गंमत केली. भौतिकशास्त्रातला कॉस्टर्लिट्झ आणि थाऊलेस यांचा १९७३चा गाजलेला पेपर घेतला (या जोडीला पुढे २०१६चं नोबेल मिळालं). त्याला दिलेले सुमारे ४३०० संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेलं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५! एकच चुकीचा पान नंबर तर ७८ वेळा आलेला. आता एवढी माणसं स्वतंत्रपणे तीच चूक करतील? परीक्षेत शेजारच्या चार पेपरांत एकच चुकीचं उत्तर दिसलं की सुपरवायझर जे ओळखतो तेच यांनी ओळखलं. त्यांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात.

त्याहून भारी किस्सा दुसरा. एल्सव्हियरने लेखकांसाठी जी टेम्प्लेट दिली होती तिच्यात संदर्भ कसा लिहायचा याचा नमुना म्हणून व्हॅन डर गीर आणि मंडळींचा २०००चा एक पेपर होता. "वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला" अशा अर्थाचं नाव. असा पेपर कधी लिहिलाच गेला नाही. असं जर्नलही नाही. तरी २०१७ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा जवळजवळ ४०० लेखांच्या यादीत तो जाऊन बसला होता. बऱ्याच जणांनी टेम्प्लेट भरताना नमुन्याची ओळ खोडलीच नाही, आणि काहींनी तर ती बिनदिक्कत वापरली. आपण "आपले नाव येथे लिहा" असं छापलेलं सर्टिफिकेट तसंच सबमिट केलं होतं त्याची आठवण झाली ना?

तर माझं म्हणणं असं. संदर्भयादी ही ब्लॅक बुक जाड दिसावं म्हणून शेवटी चिकटवायची वस्तू नाही. तिच्यातला प्रत्येक नंबर म्हणजे मी केलेलं एक विधान असतं, की हे मी पाहिलंय आणि माझा हा आकडा तिथून आलाय. आणि ही यादी शेवटच्या रात्री बनवता येत नाही. ती पहिला पेपर उघडला त्या दिवशी सुरू करावी लागते. त्यासाठी रेफरन्स सॉफ्टवेअर असतं, आणि आपल्या पीजीच्या पोरांपैकी फारच थोड्यांना ते शिकवलं जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झोटेरो हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. ब्राउझरमध्ये पेपर उघडलेला असताना एक बटण दाबलं की लेखक, जर्नल, खंड, पान, साल सगळं आपल्या संग्रहात जाऊन बसतं. पीडीएफ मिळत असेल तर तीही. मग वर्डमध्ये लिहिता लिहिता संदर्भ टाकायचा, नंबर ते सॉफ्टवेअर देतं. आपल्याकडे आयईईईची पद्धत, म्हणजे मजकुरात जो आधी येईल त्याचा नंबर आधी. दुसऱ्या चॅप्टरमध्ये एक संदर्भ घुसवला की पुढचे साठ नंबर सरकले. हे हाताने करताना आमच्या मजल्यावरचा एक सज्जन मुलगा पहाटे चार वाजता रडला होता, मी पाहिलंय. लाटेक वापरणाऱ्यांना बिबटेक १९८५ पासून आहे, आणि त्याची फाईल सांभाळायला जॅबरेफ. एन्डनोट आहे, पण पैसे मोजा.

मेंडेली चांगलं की झोटेरो, यावर मेसमध्ये वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे. मेंडेली २०१३ मध्ये एल्सव्हियरने विकत घेतलं. २०१८ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरवरचा डेटाबेस एन्क्रिप्ट केला, २०२१ मध्ये मोबाईल ॲप बंद केलं आणि सप्टेंबर २०२२ पासून जुन्या डेस्कटॉपचं डाउनलोड काढून घेतलं. नवीन आवृत्ती आहे, चालतेही. पण पाच वर्षांचं वाचन ज्या डब्यात ठेवायचं त्याची किल्ली आपल्याकडे असलेली बरी. कुठलंही वापरा, महिन्यातून एकदा सगळा संग्रह बिबटेक नाहीतर आरआयएस फाईलमध्ये काढून पेनड्राईव्हवर ठेवा, म्हणजे झालं.

हे काही कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेलं खूळ नाही बरं का. पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे १५०० ग्रंथ वाचून काढले आणि शब्दागणिक कागदाची एक चिठ्ठी केली. तिच्यावर शब्द, त्याचं वाक्य आणि तो नेमका कुठल्या ग्रंथात कुठे आला याचा पत्ता. अशा जवळपास १ कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत लावून ठेवल्या आहेत. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं नुसतं वाचणं, उतरवणं आणि लावणं! त्या चिठ्ठीवर पत्ता नसता तर कोट काय आणि दोन कोट काय, ती रद्दीच. आमच्या कारखान्यातही वडील प्रत्येक साच्यावर नंबर घालतात आणि वहीत लिहितात, हा कुठल्या मूर्तीचा, कधी केला, कुठे चिरलाय. मी मात्र इंजिनियर होऊन "न्यू फोल्डर ४" मध्ये "फायनल फायनल २" नावाच्या पीडीएफ ठेवत होतो.

आता मी पीएच.डी.ला आहे, विषय रोह्याच्या कुंडलिका नदीचं पाणी. दर पंधरा दिवसांनी पेणहून दिवा-रोहा मेमू पकडतो, बर्फाच्या डब्यात रिकाम्या बाटल्या. कासू, नागोठणे, निडी, रोहा. तेवढ्या वेळात फोनवर एक पेपर वाचून होतो आणि तिथेच त्याच्याखाली टीप लिहितो. ही टीप फार महत्त्वाची, पीडीएफपेक्षाही. कारण सांगतो. कुंडलिकेत वरून भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच्याच भरवशावर चालतं. म्हणजे पाणी सुटलेलं असताना घेतलेला नमुना आणि नसताना घेतलेला नमुना, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. धाटाव एमआयडीसीच्या खालच्या अंगाला ऑक्सिजन किती, याचे आकडे देणारे पेपर मिळतात. पण नमुना किती वाजता घेतला हे त्यातल्या अनेकांनी लिहिलेलंच नाही. माझ्या संग्रहात अशा प्रत्येक नोंदीखाली एक ओळ आहे : "वेळ दिलेली नाही, तुलना करू नये." ही ओळ कुठलंही सॉफ्टवेअर आपण होऊन लिहीत नाही. ती वाचल्यावरच लिहिता येते.

आणखी एक गंमत आपल्या भागाची. रोहा शोधायचं तर एकाच स्पेलिंगवर भागत नाही. जुन्या कागदांत ते "रोहे" आहे. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये, त्याआधीचं सगळं "कुलाबा" नावाखाली. १८८३चं गॅझेटियर कुलाबा आणि जंजिऱ्याचं, रायगड टाकून शोधलंत तर हाती भोपळा. कुलाबा टाकलंत तर निम्मा कचरा मुंबईच्या कुलाब्याचा. यावर उपाय एकच, पहिल्यांदा सापडलं की नोंदीला आपला टॅग लावून टाकायचा. मी सगळ्यांना "कुंडलिका" असा मराठीतच टॅग लावतो. मशीन कुरकुर करत नाही.

मशीन चुका मात्र भरपूर करतं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही सॉफ्टवेअर टाकाल आणि मला शिव्या घालाल. आपल्या लोकांची नावं ते हमखास उलटी करतं. पाटील एस. किती आहेत विचारू नका. माझ्याकडे सात आहेत आणि त्यातले तीन एकच व्यक्ती आहेत. सरकारी कागद तर ते "वेबपेज" म्हणून घेतं आणि साल गाळतं. सालाने काय फरक पडतो? मूर्ती विसर्जनाबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०१०च्या आहेत आणि सुधारित १२ मे २०२०च्या. दोन्हींत पीओपीबद्दलची भूमिका एकसारखी नाही. मी थिसिसमध्ये २०१०च्या दिल्या होत्या, "ताज्या" म्हणून! पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० घ्या. १९९१चं वेगळं, २०१२चं वेगळं. ब्लॅक बुकात अजून १९९१ सुखाने नांदतंय. तेव्हा बटण दाबल्यावर अर्धा मिनिट थांबून नोंद डोळ्यांखालून घालायची. ही सवय लागली की बाकी सगळं सोपं. एक सोय मात्र मला फार आवडते. एखादा पेपर जर्नलने मागे घेतला असेल तर झोटेरो २०१९ पासून त्याच्यावर लाल पट्टी दाखवतं. ब्लॅक बुकाला तशी पट्टी कधीच येत नाही.

आणि पीडीएफ गोळा करणं म्हणजे वाचणं नव्हे. एक काळ असा होता की माझ्याकडे ६०० पीडीएफ होत्या आणि मला फार विद्वान झाल्यासारखं वाटायचं.

आता थोडं सर-मॅडमांसाठी, राग मानू नये. आपल्याकडे थिसिसची सगळी धास्ती एका टक्केवारीत आलीय. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. नियम हवाच. (त्या यूजीसीचे १९५६ ते १९६१ अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचं बालपण याच रोह्यात गेलं. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?) पण हे साम्य मोजताना संदर्भयादी वगळतात. वगळायलाच हवी, कारण ती सारखी असणारच. पण याचा अर्थ काय झाला? संपूर्ण पुस्तकात जो भाग मशीन तपासत नाही तोच भाग माणूसही तपासत नाही. माझा सतरा नंबर शून्य टक्क्यांनी पास झाला होता!

त्यात आता चॅटजीपीटी आलंय. "दहा संदर्भ दे" म्हटलं की दहा देतं, नावं खरी वाटणारी, जर्नल खरं, पान सुबक. आणि त्यातला एखादा पृथ्वीतलावर नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये दोन वकिलांनी असेच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५००० डॉलरचा दंड बसला. आमच्या सतरा नंबरला तयार व्हायला चार बॅचेस लागल्या, आता चार सेकंदं पुरतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पीजीचा रिपोर्ट घेताना हार्ड बाऊंड कॉपीबरोबर संदर्भसंग्रहाची फाईलही घ्या, टिपांसकट. आणि प्री-सबमिशनला गाईडने यादीतले कुठलेही पाच नंबर काढून फक्त एवढंच विचारावं, "दाखव." पाच मिनिटं लागतील. रिसर्च मेथडॉलॉजीच्या शेवटच्या लेक्चरला, पोरं बॅग भरत असताना, सॉफ्टवेअरची एक स्लाईड दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि डिपार्टमेंटने एक सामाईक ग्रुप लायब्ररी ठेवावी. ज्युनियरला सिनियरकडून यादी मिळतेच, मिळू दे की. पण तिच्याबरोबर "हा मी वाचला, आकडा टेबल तीनमधला, एकक नीट बघ" एवढी टीप गेली असती तर माझा हौद ६२ लाखांवर गेला नसता. ग्रुपमध्ये नोंदी आणि टिपा ठेवा. पीडीएफ वाटू नका, कॉपीराईटचं लफडं आहे.

एक अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मूळ पेपर वाचायचा तर तो मिळायला हवा. १ जानेवारी २०२५ पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" सुरू झालंय, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती सोय सरकारी संस्थांना. खासगी कॉलेजातला माझा मित्र अजूनही लेखकाला ईमेल पाठवून पेपर मागतो. बहुतेक जण पाठवतात, हे मात्र सांगायला हवं. जो नाहीच मिळाला, त्याचा आकडा ज्याने उद्धृत केला त्याचं नाव द्या आणि "याच्यामार्फत" असं सरळ लिहा. त्यात कमीपणा कसला?

माझ्या संग्रहात आज २१२ नोंदी आहेत. "वाचलं" हा टॅग आहे ६४ जणांना. उरलेल्या १४८ मध्ये काय काय दडलंय देव जाणे. एका नोंदीला मी मुद्दाम वेगळा टॅग दिलाय, "सतरा". तिच्यात सिमेंटच्या पाईपांवरचा तो पेपर आहे, पूर्ण वाचलेला. चांगला आहे.

शनिवारी मेस सुटल्यावर मी पीजी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये पंख्याखालच्या टेबलावर बसलेला असतो. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी लॅपटॉप आणा. नसेल तर नुसती तुमची यादी आणा, छापलेली चालेल. पेन्सिल माझ्याकडे आहे.